मेहुण्यांची एक गोळी आणि माझी दोन औषधं

नमस्कार सर,

सडेतोड लिहिलंत, ते आवडलं. आपला मुद्दा असा, की आपल्या मेहुण्यांचा ब्लड कॅन्सर कित्येक वर्षं इमॅटिनिबच्या एका गोळीवर आटोक्यात आहे. मग क्रॉनिक ल्युकेमियात दोन-दोन औषधांचं कौतुक म्हणजे कंपन्यांची दुकानदारी.

मेहुण्यांना आहे तो सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. माझ्या लेखात मी लिहिलं होतं सीएलएलबद्दल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाबद्दल. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं. इमॅटिनिब नेमकं त्यालाच अडवतं. सीएलएलमध्ये सगळ्या रुग्णांत सापडेल असा एकच सूत्रधार नाही.

आता दुकानदारी. सीएलएलवरचं इब्रुटिनिब हे औषध एकटं दिलं, तर ते चालूच ठेवायचं, रोग दाद देईनासा होईपर्यंत किंवा त्रास असह्य होईपर्यंत. व्हेनेटोक्लॅक्स-ओबिनुटुझुमॅबची जोडी मात्र साधारण वर्षभरात थांबते: पहिले सहा महिने सलाईनमधून ओबिनुटुझुमॅब आणि सोबत व्हेनेटोक्लॅक्सची गोळी, मग नुसती गोळी. गिऱ्हाईक कायमचं बांधून ठेवायचं तर हा धंदा तोट्याचाच! (बिलं एकदम अंगावर येतात, ते मात्र खरं.) २०१९ साली आलेल्या सीएलएल-१४ चाचणीत दोन वर्षांनी रोग न बळावलेले रुग्ण या जोडीत सुमारे ८८ टक्के होते, क्लोरॅम्ब्युसिल (केमोथेरपीचं जुनं औषध) आणि ओबिनुटुझुमॅब यांच्या जोडीत ६४. म्हणजे हरली तीही जोडीच. इब्रुटिनिबशी ही तुलना नव्हती.

व्हेनेटोक्लॅक्सची गोळीही एकदम पूर्ण डोसमध्ये देत नाहीत. २० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग दर आठवड्याला ५०, १००, २०० आणि शेवटी ४००. कॅन्सरच्या पेशी भराभर फुटल्या की रक्तात पोटॅशियम आणि युरिक ॲसिड चढतं, किडनी आणि हृदय धोक्यात येतं. म्हणून भरपूर पाणी प्यायला लावतात आणि डोस वाढवला की काही तासांत पुन्हा रक्त तपासतात. ओबिनुटुझुमॅब आधी सुरू करण्याचा एक फायदा इथेच: गोळीची वेळ येईपर्यंत पेशींचा भार बराच उतरलेला असतो.

तरी आपली शंका फुकट नाही. २०१८ च्या एका अमेरिकन चाचणीत ६५ वर्षांवरच्या रुग्णांना इब्रुटिनिब काहींना एकटं आणि काहींना रिटुक्सिमॅब या सलाईनमधून द्यायच्या औषधासोबत दिलं. दोन वर्षांनी रोग न बळावलेले ८७ आणि ८८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी सलाईन लावून घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. जोडीतलं दुसरं औषध काय भर घालतं आणि उपचार कधी थांबणार, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

मेहुण्यांची गोळी मात्र माझा लेख वाचून बदलू नका, आणि बीसीआर-एबीएलची तपासणी ठरल्या वेळी होऊ द्या.