‘उसातलं तणनाशक’ आणि व्हिएतनामहून परतलेले सैनिक

शेतीच्या आणि माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा : ‘एजंट ऑरेंज म्हणजे आपण उसात मारतो ते टू-फोर-डीच. अमेरिकन सैनिकांनी म्हातारपणाचे आजार त्याच्या माथी मारले. कोर्टात काही सिद्ध झालं नाही, तरी सरकारने सगळ्यांना फुकट उपचार आणि पेन्शन दिली.’

एजंट ऑरेंज म्हणजे व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याने फवारलेलं तणनाशक. मेसेजमधलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, अगदी मापून अर्धं. एजंट ऑरेंजमध्ये निम्मं २,४-डी (टू-फोर-डी) होतं आणि निम्मं २,४,५-टी. या दुसऱ्याच्या उत्पादनात टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन तयार व्हायचं. कारखान्यात तापमान वर गेलं की जास्तच. शरीरात शिरलेलं हे विष निम्मं व्हायलाच सात ते अकरा वर्षं लागतात. टू-फोर-डीचं नाव पुढे करून हा दुसरा निम्मा भाग गिळायचा, ही मेसेजची खरी चलाखी. शिवाय १९६२ ते १९७१ या काळात दक्षिण व्हिएतनामवर सगळी तणनाशकं मिळून सात कोटी लिटरहून जास्त फवारली गेली. उसातल्या पाठीवरच्या पंपाशी याची तुलना कशी करणार?

‘म्हातारपणाचे आजार’? अमेरिकन नौदलाचे अ‍ॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात नदीकाठी फवारणी करायला लावली. त्यांचा मुलगा त्याच पाण्यात गस्तीच्या बोटीवर अधिकारी होता. तो १९८८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने वर्षानुवर्षं संशोधन चाळून लिम्फोमासारख्या (लसिका ग्रंथींच्या) काही कर्करोगांशी या तणनाशकांचा संबंध असल्याचे पुरावे ‘पुरेसे’ ठरवले. मधुमेह, प्रोस्टेटचा कर्करोग यांच्याबाबत पुरावे ‘मर्यादित’ आहेत, आणि ते तसंच सांगायला हवं. अमुक सैनिकाचा मधुमेह फवारणीमुळे की वयामुळे, हे कुठलाही डॉक्टर छातीठोक सांगू शकत नाही. म्हणूनच १९९१ चा कायदा आला : व्हिएतनाममध्ये नोकरी केली आणि सरकारी यादीतला आजार झाला, तर फवारणीशी संबंध गृहीत धरायचा. कोणत्या दिवशी अंगावर किती थेंब पडले याची नोंद सैन्याने ठेवली नव्हती, मग ती सैनिकाकडे कुठल्या तोंडाने मागणार?

कोर्टाबद्दलचं मेसेजचं म्हणणं खरं आहे. सिद्ध झालं नाही, कारण १९८४ मध्ये सैनिकांचा खटला उभा राहण्याच्या तोंडावर तणनाशक बनवणाऱ्या कंपन्यांनी १८ कोटी डॉलरवर तडजोड केली. सुमारे १ लाख ५ हजार अर्जांपैकी निम्म्यांनाच पैसे मिळाले, सरासरी ३,८०० डॉलर. (व्हिएतनामी नागरिकांचा दावा या खटल्याच्याच न्यायाधीशांनी २००५ मध्ये फेटाळला. त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.)

आता ‘सगळ्यांना’. २००२ पासून माजी सैनिक खात्याचा नियम होता की पाय व्हिएतनामच्या जमिनीला लागलेले असले पाहिजेत. किनाऱ्याजवळच्या जहाजांवरचे नौसैनिक बाहेर. ही जहाजं समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून पिण्याचं पाणी बनवत. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं की या प्रक्रियेत डायॉक्सिन मागे राहत नाही. ते वाफेबरोबर येतं आणि तयार पाण्यात उलट दाट होतं. तेच पाणी प्यायचं, त्यातच रांधायचं. तरी या लोकांना न्याय मिळायला २०१९ चा कोर्टाचा निकाल आणि त्याच वर्षीचा कायदा लागला. फवारणीची सी-१२३ विमानं युद्धानंतर अमेरिकेत माल आणि रुग्ण नेण्यासाठी वापरली. आत चिकटलेल्या सुकलेल्या विषाने कर्मचाऱ्यांना काही होत नाही, असं खातं म्हणत राहिलं. २०१५ मध्ये माघार घेतली.

उच्च रक्तदाबाचं तर आणखी वाईट. २०१८ मध्ये अकादमीने पुरावे ‘पुरेसे’ ठरवले, पण तो यादीत आला ऑगस्ट २०२२ च्या पॅक्ट कायद्याने (विषारी पदार्थांशी संपर्क आलेल्या माजी सैनिकांसाठीचा अमेरिकन कायदा). थायलंडमधल्या अमेरिकन तळांवरच्या सैनिकांनाही त्याच कायद्याने दार उघडलं. आणि ज्यांना आधी नकार मिळाला होता, त्यांना पुन्हा अर्ज करावा लागतो.