थर्मल कॅमेरा की हातोडीची टकटक?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की थर्मल कॅमेऱ्याचे लाल-निळे फोटो नुसता देखावा आहे. वाड्याचा गिलावा कुठे सुटलाय ते गवंडी हातोडीने टकटक करून फुकटात सांगतो. शिवाय तुमच्या अहवालात अख्खी भिंत लाल दाखवली आणि ठोकून बघितली तर ती घट्ट निघाली.

हातोडी हवीच. कॅमेऱ्याने दाखवलेली प्रत्येक जागा ठोकून बघितल्याशिवाय दुरुस्तीच्या यादीत घालू नये. पण दुसऱ्या मजल्यावर परांची बांधल्याशिवाय हातोडी पोचत नाही, आणि भित्तिचित्र असलेल्या गिलाव्यावर ती चालवायचीच नसते.

कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान टिपतो. चुन्याचा गिलावा विटेपासून सुटला की मागे हवेची फट राहते. ऊन पडल्यावर उष्णता आत जात नाही, म्हणून तेवढा तुकडा आधी तापतो आणि ऊन गेल्यावर आधी निवतो. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येऊन तास-दीड तास झाला की एक फोटो घ्यायचा, सूर्यास्तानंतर तासाभराने दुसरा. दुपारी गरम दिसलेला डाग रात्री थंड दिसला तर पोकळीचा संशय पक्का. एकाच फोटोवर निदान केलं की गडद रंगाचा पट्टासुद्धा पोकळी वाटतो.

अंतराचंही भान हवं. ३२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा आणि २५ अंशांची लेन्स असेल तर १० मीटरवरून एक पिक्सेल सुमारे १.४ सेंटीमीटरचा होतो. भरवशाच्या मोजणीला तसे किमान तीन लागतात. बारीक तडा शोधायचं हे साधन नव्हे.

ओल थंड दिसते ती बाष्पीभवनामुळे. भर पावसाळ्यात हवाच दमट असते, पाणी उडत नाही, आणि चिंब भिंतही चित्रात कोरडीसारखी दिसते. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात तीच ओल उठून दिसते. तिथेही नुसत्या पिनांच्या ओलमापकावर विसंबू नका, लोणा लागलेल्या भिंतीत क्षारांमुळे तो आकडा फुगवतो. गिलाव्याचा नमुना काढून वजन करायचं, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा आणि पुन्हा वजन करायचं.

तुमच्या लाल भिंतीबाबत मला संशय आहे तो ऑटो स्केलचा. भिंतीवर जेमतेम एका अंशाचा फरक असला तरी कॅमेरा त्यावर निळ्यापासून लालपर्यंत सगळे रंग ताणून बसवतो. अहवालातल्या फोटोशेजारच्या रंगपट्टीचे वरचे-खालचे आकडे बघा. तिथे २९ आणि ३० असेल तर तो लाल रंग काहीच सांगत नाही. पट्टीच छापलेली नसेल तर मूळ फाइल मागून घ्या. फोटोची वेळ तीत मिळेल, आणि त्या वेळी भिंतीवर ऊन होतं का तेही विचारा.