कठीण दगडातला जीवाश्म एका रात्रीत सुटत नाही

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांमधून सध्या एक मजकूर फिरतो आहे. नदीकाठचा काळा दगड आणा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी हातोड्याचा एक घाव घाला, जीवाश्म आपोआप मोकळा होईल आणि खोबरेल तेल चोळले की जन्मभर टिकेल, असे त्यात म्हटले आहे. महागड्या यंत्रांवाचून सुरुवात करता येते, एवढे त्यातले खरे आहे. बाकीचे तपासले पाहिजे, कारण शाळकरी मुले ते करून पाहू लागली आहेत.

आधी दगडाविषयी. गोव्याचा बहुतेक भाग दोन अब्ज वर्षांहून जुन्या रूपांतरित खडकांचा आहे, आणि कवचधारी प्राण्यांचा प्रसार झाला तो सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. सत्तरी तालुक्याकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यातही जीवाश्माची आशा नाही. फोडलेल्या दगडात नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती बहुधा फटीत झिरपलेल्या मँगनीजची असते. जीवाश्म हवा असेल तर तो बाहेरूनच येणार.

व्हिनेगरचा सल्ला सर्वांत घातक आहे. फोंड्याच्या एका विद्यार्थ्याने तमिळनाडूतील अरियालूरहून नातेवाइकाने आणलेला चुनखडकाचा तुकडा माझ्याकडे आणला, तेव्हा त्यातला अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाच्या प्राचीन समुद्री प्राण्याचा जीवाश्म, अर्धाच उरला होता. वरच्या बाजूला कवचावरच्या बरगड्या बोटाला स्पष्ट लागत होत्या, तर माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडालेली बाजू झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. कवच आणि भोवतालचा चुनखडक हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच असल्यामुळे आम्ल त्यांच्यात भेद करत नाही. जीवाश्म सिलिकाचा (गारगोटी ज्याची बनते त्या पदार्थाचा) झालेला असेल, किंवा हाडादातांसारखा फॉस्फेटचा असेल, तरच चुनखडक विरघळवून तो सोडवता येतो, आणि तेव्हाही सौम्य आम्ल, उघड्या पडलेल्या भागावर संरक्षक लेप आणि नंतर पाण्यात दीर्घकाळ धुणे आवश्यक असते. उलट सिलिकाने बांधलेल्या वालुकाश्मावर व्हिनेगरचा काहीच परिणाम होत नाही.

एका घावाचेही तसेच. चिखलाच्या थरांपासून बनलेल्या मऊ शेल खडकात भेग कवचाच्या कडेने जाते. कठीण दगडात ती जीवाश्माला आरपार चिरते. हातोडा-छिन्नी फक्त दूरचा जादा दगड काढण्यासाठी वापरावी, आणि तेव्हा दगड वाळूच्या पिशवीवर टेकवून छिन्नीचे तोंड जीवाश्मापासून दुसरीकडे वळवावे. शेवटचे काही मिलिमीटर भिंगाखाली टोकदार हत्याराने काढायचे असतात. येथे १ ते १० अशा मोज श्रेणीवरचा काठिण्याचा हिशेब कामी येतो: चुनखडकातले खनिज कॅल्साइट ३, पोलादी सुई साधारण ५.५ ते ६.५, गारगोटी ७. म्हणजे चुनखडकात चालणारी सुई गारगोटीयुक्त दगडावर नुसती घसरते, आणि तिथे लेथवरचे कारागीर धातूवर रेघ मारायला वापरतात तो कार्बाइड टोकाचा स्क्रायबर लागतो. कवचाला लागून टोक जवळजवळ उभे धरून दाबले की तांदळाच्या कणीएवढी कपची उडते. दुपारभर बसले तर नखाएवढी जागा मोकळी होते. सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची इजा करते, म्हणून दगड ओलसर ठेवावा, चष्मा घालावा आणि साध्या कापडी मुखपट्टीऐवजी एन-९५ वापरावा.

खोबरेल तेलाने दगड काळवंडतो, धूळ धरतो आणि पुढे डिंक चिकटत नाही. ठिसूळ जागा आणि तुटलेले तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या अॅक्रिलिक राळेने बळकट करावेत. चूक झाली तर ते अॅसिटोननेच पुन्हा सोडवता येते. आपल्या हवेत पायराइट (लोह आणि गंधकाचे सोनेरी खनिज) असलेल्या जीवाश्मांची काळजी वेगळीच घ्यावी लागते. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन आम्ल सुटते आणि नमुना आतून फुटू लागतो. गोव्याच्या पावसाळ्यात आर्द्रता कित्येक आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. असे नमुने जूनपूर्वीच सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत, आणि त्यांच्यावर पांढरी-पिवळी भुकटी दिसताच तो तुकडा लगेच इतरांपासून दूर करावा.