पत्ता आहे, नाव आहे, बॅकअप नाही

रात्रीच्या बॅकअपचा रिपोर्ट सकाळी लाल दिसला, की डिस्क भरलेली असू दे, अशी मी मनोमन प्रार्थना करतो. डिस्क भरणं हा सज्जन दोष आहे. तो स्वतःचं नाव सांगतो, कारण सांगतो आणि थोडी साफसफाई केली की निघून जातो. त्या दिवशी लॉगमध्ये मात्र लिहिलं होतं : ‘क्लायंटचं होस्टनेम सापडलं नाही.’ म्हणजे ज्या मशीनचा बॅकअप घ्यायचा, त्याचं नावच बॅकअप सर्व्हरला सापडेना.

ज्या सर्व्हरबद्दल ही तक्रार होती, त्याच्यावर त्या क्षणी अर्धं ऑफिस काम करत होतं. माझ्या लॅपटॉपवरून त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, तर उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत हजर. नेटवर्कवाल्यांना फोन लावला. “आमच्याकडून ओके आहे,” ते म्हणाले. मी अजून प्रश्न विचारायचा होतो.

मग बॅकअप सर्व्हरवर जाऊन तेच पिंग केलं. तिथे खरोखरच कुणाला काही ठाऊक नव्हतं. झालं होतं असं, की मशीनचं खरं नाव लांबलचक असतं : आधी त्याचं स्वतःचं, मग टिंब, मग डोमेन. आपण आळसाने नुसतं पहिलं घेतो आणि उरलेलं मशीन आपल्या सर्च लिस्टमधून जोडून घेतं. आमचा सर्व्हर मध्यंतरी नव्या डोमेनमध्ये गेला होता. माझ्या लॅपटॉपच्या लिस्टमध्ये नवं डोमेन होतं. बॅकअप सर्व्हर अजून जुनंच जोडून पाहत होता आणि त्या नावाचं कुणी नाही, असं इमानदारीने कळवत होता.

बॅकअपच्या पॉलिसीत पूर्ण नाव टाकलं आणि एरर बदलली. आता नाव सापडत होतं, पण कनेक्शन टाइम आउट होत होतं. एरर बदलणं याला आमच्या धंद्यात प्रगती म्हणतात. साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे बॅकअप झाला?”

यापुढचा भाग माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडवणारा आहे. त्याच मशीनवर एनएसलुकअप केलं, म्हणजे नावावरून नेटवर्कवरचा पत्ता शोधणारी कमांड चालवली, तर नवा, बरोबर पत्ता. तिथेच, त्याच खिडकीत पिंग केलं, तर जुना पत्ता, जिथे आता कुणीही राहत नाही. दोघंही खरं बोलत होते. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नेटवर्कच्या नाव-पत्त्यांच्या डायरीला, विचारतं. पिंग आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर मात्र मशीनला विचारतात, आणि मशीन सहसा आधी स्वतःची होस्ट्स फाइल, म्हणजे नाव-पत्त्यांची घरगुती यादी, उघडतं. ही फाइल म्हणजे घरातलं थोरलं माणूस. तिला ताजं काही ठाऊक नसलं तरी पहिला मान तिचा, आणि ती बोलली की पुढे कुणाला विचारायची सोय नाही.

तसा तिचा मान वडिलोपार्जित आहे म्हणा. डीएनएस यायच्या आधी अख्ख्या अर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाची, नावं अशाच एका फाइलमध्ये होती. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी सांभाळत, आणि नवं मशीन नोंदवायला त्यांना ऑफिसच्या वेळेत फोन करावा लागे. मशीनं वाढली, एका फाइलला ते झेपेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. फाइल निवृत्त व्हायला हवी होती. ती प्रत्येक मशीनवर तशीच बसून राहिली.

आमच्या फाइलमध्ये एकच जादा ओळ होती आणि तिच्यापुढे कुणीतरी शेरा मारला होता : ‘टेम्पररी’. तो कुणीतरी नोकरी सोडून गेला. ओळ कायम झाली. मी तिच्यापुढे हॅश लावला, म्हणजे मशीन ती ओळ वाचत नाही. पुसून टाकण्याइतका धीट मी नाही.

आता कनेक्शन लागलं, आणि क्लायंटने दार उघडायला नकार दिला. तो आलेल्या पत्त्यावरून उलटं नाव शोधतो, म्हणजे रिव्हर्स लुकअप करतो. आमच्या बॅकअप सर्व्हरच्या पत्त्याचं पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद, कधीकाळच्या एका टेस्ट सर्व्हरच्या नावावर होतं. परवानगीच्या यादीत ते नाव नाही, तेव्हा क्लायंटचं वागणं नियमाला धरूनच होतं. याचाच राग जास्त येतो. या सबंध प्रकरणात चूक वागलेलं एकही मशीन मला सापडलं नाही.

पीटीआर बदलायचं तिकीट नेटवर्कवाल्यांकडे टाकलं. रेकॉर्ड बदललं, तरी क्लायंट जुनंच नाव घोकत राहिला, कारण त्या रेकॉर्डचा टीटीएल, म्हणजे मिळालेलं उत्तर जपून ठेवायची मुदत, होता ८६,४०० सेकंद. सेकंदांत लिहिलं की आकडा तांत्रिक वाटतो. तो अख्खा एक दिवस आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश, म्हणजे अशा जपून ठेवलेल्या उत्तरांचा साठा, रिकामी केली. मग कळलं, की बॅकअपच्या सॉफ्टवेअरची स्वतःची वेगळी कॅश आहे. तीही रिकामी केली.

रात्री बॅकअप झाला, रिपोर्ट हिरवा आला. साहेबांना मेल केला; त्यांनी उलट विचारलं, की रोज होतो त्याचा आज मेल कशाला. नेटवर्कवाल्यांनी पीटीआर दुरुस्त करून माझं तिकीट बंद केलं होतं आणि खाली शेरा लिहिला होता : ‘तपासले. आमच्या बाजूने कोणताही दोष आढळला नाही.’