‘इंजिन बदलायचंय? आधी फुल काम करा’ : कशासाठी?

‘दोन लाख किलोमीटरवर चाललेलं इंजिन दुसऱ्या गाडीत चढवायचं असेल तर आधी फुल इंजिन काम (म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती) करून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात,’ असा सल्ला जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये फिरतोय. त्यासाठी चार कारणं सांगतात. माझ्या मते त्यातलं एक अर्धं खरं आहे.

मारुतीच्या जिप्सीचंच घ्या. सामान्य गिऱ्हाइकासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. तिचं १.३ लिटरचं जी१३बीबी इंजिन आता जुनंच मिळणार.

‘दोन लाख म्हणजे इंजिन संपलं.’ कुठले दोन लाख? हायवेवर एका चालीत धावलेलं इंजिन आणि जंगलातल्या धुळीत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगलेलं इंजिन सारखं झिजत नाही. शिवाय मीटर डॅशबोर्डवर असतो, इंजिनाबरोबर येत नाही!

‘खोलल्याशिवाय आतलं कळत नाही.’ बरंच कळतं. इंजिन जुन्या गाडीत असतानाच गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. सुझुकीच्या या इंजिनाला साधारण १९९ पीएसआय हवं, १७० च्या खाली नको आणि सिलिंडरांत १४ पेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा. म्हणजे काम हेडपुरतंच. ऑइलचं प्रेशर दिव्यावरून नव्हे, वेगळा गेज लावून गरम इंजिनावर बघायचं.

‘काम केलं की इंजिन नव्यासारखं.’ इथेच खरी गोम आहे. बोअर न मोजता नुसत्या नव्या रिंगा टाकल्या, तर लांबट झालेल्या बोअरमध्ये त्या धड बसतच नाहीत. समजा, लेथवाल्यानं बोअरिंग-होनिंग (बोअर कापून-घासून पुन्हा गोल करणं) चोख केलं. तरी नव्या रिंगांना सुरुवातीपासून लोड (गाडी ओढण्याचा ताण) लागतो, तेव्हाच त्या बोअरला बसतात. आणि इंजिन बदललेली गाडी पहिले काही दिवस करते काय? नुसता स्टार्टर मारते, आयडलवर उभी राहते, कारण वायरिंग जुळत नसते, रेडिएटरचा पाइप गळत असतो, माउंटिंग थरथरत असतं. तेवढ्यात बोअर काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ताजं इंजिन ऑइल प्यायला लागतं. मग दोष द्यायचा कुणाला, लेथवाल्याला की वायरमनला? न खोललेलं चालतं इंजिन चढवलं असेल तर निदान एक संशयित कमी.

‘उतरवलंच आहे, तर मजुरी वाचते.’ हेच ते अर्धं खरं. उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, पिस्टन, शेल (क्रँकची बेअरिंगं) यांचं बिल वेगळं येतं. त्यापेक्षा क्रँकची पुढची-मागची ऑइल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदला. नंतर तिथे हात घालणं जिवावर येतं, त्यामुळे इथे कंजुषी नको.

मग मी इंजिन खोलीन कधी? गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर पडत असेल, खालून ठोका येत असेल, किंवा ऑइल कॅपखाली दह्यासारखा थर आहे आणि पाणीही कमी होतंय, तेव्हा. आणि दुसरं धडधाकट इंजिन त्याच पैशात मिळत असेल, तर तेव्हाही नाही.