वन बीएचकेतलं बाळंतपण

समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तरीही मी घरातल्या माशांच्या टँकसाठी न्हाणीघरात बादलीने समुद्र तयार करतो. आरओचं पाणी, त्यात विकत आणलेलं सागरी मीठ, ढवळायला एक चिमुकला पंप, आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचं माप, १.०२५ येईपर्यंत चिमटीचिमटीने चालणारी माझी साधना. 'अहो, चौपाटीवरून दोन कॅन भरून का नाही आणत?' हे इमारतीतल्या प्रत्येकाने मला विचारून झालंय. त्यांना मी पहिल्या पावसानंतर एकदा चौपाटीवर चक्कर मारायला सांगतो, नाकाला रुमाल लावून.

आरओचं मशीन एक लिटर चांगलं पाणी देताना तीनेक लिटर बाहेर फेकतं. आमच्याकडे पालिकेचं पाणी सकाळी तासभर येतं. त्यामुळे फेकलेल्या पाण्याने लाद्या पुसायच्या, कुंड्यांना घालायचं, हे ओघानेच आलं. 'हे मासे आपल्यापेक्षा चांगलं पाणी पितात,' असं बायको म्हणते. आता गंमत अशी, की गोड्या पाण्यातले मासे फारसं पाणी पीत नाहीत, पण खाऱ्या पाण्यातले खरोखरच पितात. शरीरातलं पाणी सतत बाहेर जात असतं, ते भरून काढावंच लागतं त्यांना. तेव्हा मला वाद घालायलाही जागा उरली नाही.

हे सगळं सुरू झालं ते क्रॉफर्ड मार्केटात. पिंजऱ्यातले पक्षी, ससे आणि मासे जिथे एकाच दमट वासात विकायला असतात, त्या भागात. मला हवे होते क्लाऊनफिश, म्हणजे ते नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे समुद्री मासे. मी आपला साळसूदपणे म्हणालो, 'क्लाऊनफिशची एक नर-मादी जोडी द्या.' दुकानदार हसला. 'साहेब, सगळे नरच आहेत. एक मोठा घ्या, एक छोटा घ्या. पुढचं ते आपसात ठरवतात.'

तो थट्टा करत नव्हता. क्लाऊनफिश जन्मतः सगळे नर. त्यांच्यात जो सगळ्यात दांडगा असतो, तो मादी होतो. त्याच्या खालचा नर म्हणून नांदतो, बाकीचे लहान राहून रांगेत थांबतात. मादी मेली तर तिचा नवरा काही आठवड्यांत-महिन्यांत स्वतः मादी होतो आणि रांगेतल्या पुढच्याला बढती मिळते. मी घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग पत्रिका कुणाची कुणाशी बघायची?'

नावं ठेवण्याच्या भानगडीत आई पडली नाही. 'तो' आणि 'ती' एवढ्यावर तिने भागवलं. त्याचा परिणाम असा झाला, की एकदा शेजारच्या वहिनी विरजण मागायला दारात उभ्या असताना आतून आईचा आवाज आला, 'कालपासून ती त्याला सारखी चावतेय गं. बिचारा कोपऱ्यात जाऊन थरथरतो.' वहिनींनी विरजण न घेताच पाय काढला. खरं तर ते थरथरणं म्हणजे 'बाई, तूच मोठी' अशी कबुली असते आणि जोडी जमल्याची ती पहिली खूण. पण हे जिन्यात गाठून कुणाला सांगणार?

वर्ष उलटून गेलं आणि ती गरोदर दिसायला लागली. धारावीच्या कुंभारवाड्यातून मी मुद्दाम एक छोटं मडकं आणलं होतं, कारण अंडी घालायला त्यांना टणक, स्वच्छ जागा लागते. दोघांनी मडक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हीटरच्या मागची काच निवडली, तोंडाने घासूनपुसून लख्ख केली आणि एका दुपारी तिथे नारिंगी ठिपक्यांचा गालिचा अंथरला. दीडदोनशे तरी असतील.

इथून पुढे सगळं काम त्याचं. अंड्यांसमोर उभं राहून पंखांनी वारा घालायचा, बुरशी आलेलं एकेक अंडं वेचून खाऊन टाकायचं, रात्रीही हलायचं नाही. ती अधूनमधून येऊन पाहणी करते आणि जाते. काच पुसायला मी हात घातला तर मात्र तीच धावून येते आणि चावते. दोन इंचांचा जीव, पण चावा असा की कोपरापर्यंत झणका जावा. बायको सध्या रोज रात्री जेवण झाल्यावर खुर्ची ओढून टँकसमोर बसते. काही बोलत नाही. नुसती माझ्याकडे बघते, मग वारा घालणाऱ्या त्याच्याकडे बघते.

आमचं घर मासे खाणारं. पण अंडी घातल्यापासून बुधवारी बांगडा तळायच्या आधी आई टँकवर पडदा ओढते. 'कशाला उगीच,' एवढंच म्हणते.

अंडी फुटायला सात-आठ दिवस लागतात. नारिंगी रंग तपकिरी होत जातो, मग प्रत्येक अंड्यात चंदेरी डोळ्यांची एक जोडी चमकायला लागते. दीडदोनशे जोड्या आपल्याकडे बघतायत हे लक्षात आलं की पोटात गोळा येतो. कारण बाहेर आल्याआल्या त्यांना जेवायला लागणार. आणि इथे खरी मेख आहे.

तीन-चार मिलिमीटरचं पिल्लू. त्याच्या तोंडात बाजारातलं कुठलंही खाद्य मावत नाही. त्याला लागतात जिवंत रोटिफर, म्हणजे डोळ्याला धुळीच्या कणासारखे भासणारे, पाण्यात गरगरणारे जीव. ते घरीच वाढवावे लागतात. रोटिफर काय खातात? सूक्ष्म शेवाळ. नॅनोक्लोरोप्सिस असं भारदस्त नाव आहे त्याचं. तेही घरीच वाढवावं लागतं. शेवाळाला काय लागतं? उजेड, हवा आणि खत. म्हणजे पंगतीला पाहुणे यायचेत म्हणून यजमानाने आधी नांगर हातात घ्यायचा, तशातली गत.

मग मी शेती केली. बेडरूमच्या ग्रिलमध्ये ओळीने शीतपेयांच्या मोकळ्या बाटल्या, प्रत्येकीत हवेची नळी, मागे ट्यूबलाइट, आत दिवसेंदिवस गडद होत जाणारं हिरवं पाणी. ड्रेसिंग टेबलाखाली रोटिफरच्या बादल्या. शेवाळाच्या बाटल्या रस्त्यावरून दिसायच्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका शिवाजी पार्कला फिरायला जातात आणि येताना गव्हांकुरांचा रस पिऊन येतात. ते एका सकाळी ग्लास घेऊनच आले. 'घरी काढताय ते उत्तम. ताजा असतो. शुगरला फार चांगला.' मी म्हटलं, काका, हे माशांच्या पिल्लांच्या खाद्याचं खाद्य आहे. त्यांनी ग्लास मागे घेतला नाही. मला वाटतं, मी रस देण्याची टाळाटाळ करतोय अशीच त्यांची आजही समजूत आहे.

रोटिफरची तर वेगळीच तऱ्हा. त्यांना रोज खायला द्यायचं आणि रोज त्यातले थोडे काढायचे. काढले नाहीत तर गर्दी वाढते, पाणी बिघडतं आणि रातोरात अख्खी बादली आटोपते. मग जो वास सुटतो त्यापुढे, बायकोच्या म्हणण्यानुसार, मालवणची सुकट म्हणजे अत्तर. त्यामुळे घर सोडून कुठे जाता येत नाही. साताऱ्याच्या मामांना मी फोन केला, की अंडी फुटायच्या बेतात आहेत, लग्नाला येणं जमेल असं वाटत नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामांनी विचारलं, 'मुंबईत कोंबड्या पाळायला परवानगी असते का रे?'

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपमच्या आपल्या केंद्रांत क्लाऊनफिशचं प्रजनन यशस्वी करून दाखवलंय. त्यांच्याकडे टाक्या आहेत, शास्त्रज्ञ आहेत, दाराबाहेर स्वच्छ समुद्र आहे. माझ्याकडे ड्रेसिंग टेबल आहे. पण तत्त्व तेच.

आता अंधार. अंडी फुटतात ती रात्री, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत, आणि त्यासाठी मिट्ट काळोख लागतो. मुंबईत पैसे टाकले तर काय वाट्टेल ते मिळेल, काळोख मिळणार नाही. समोर रस्त्याच्या दिव्याचा खांब, पलीकडे मेट्रोच्या कामाचे फ्लडलाइट, आणि त्यात नेमके गणपतीचे दिवस. मंडपाच्या रोषणाईत लाल, हिरवा, जांभळा असा झोत फिरत फिरत आमच्या टँकवर येऊन जायचा. अंड्यांनी काय समजायचं, रात्र झाली की आरती सुरू झाली?

मी काळे कागद आणले. खिडक्यांना, दाराच्या फटींना, शोकेसच्या काचेलासुद्धा चिकटवले. सतरंज्या टांगल्या. नऊ वाजता घरातले सगळे दिवे बंद. आईच्या मालिकेचा टीव्ही बंद. राऊटरच्या हिरव्या दिव्यावर चिकटपट्टी. फ्रिज उघडायला बंदी. अंधारात आईचा आवाज आला, '७१ च्या लढाईत गिरगावात अस्सेच काळे कागद लावले होते. सायरन वाजला की दिवे बंद. पण तेव्हा समोर पाकिस्तान तरी होता.'

टँकचा फिल्टर बंद करून ठेवला होता, नाहीतर पिल्लं त्यात ओढली जातात. तासाभराने टॉर्च एका कोपऱ्यात धरला. आधी काहीच नाही. मग झोतात एक चंदेरी टिंब हललं. मग दुसरं. बघता बघता कोपरा गजबजला. पिल्लं उजेडाकडे झेप घेतात. शरीर काचेसारखं आरपार, तेव्हा दिसतात ते फक्त डोळे, आणि डोळ्यांमागे वळवळणारी केसाएवढी रेघ. जाळीने पकडायची सोय नाही, हवेत आली की संपली. आमटीची वाटी पाण्यात अलगद तिरकी करायची, पाण्यासकट चारसहा जीव आत ओघळू द्यायचे आणि शेजारच्या छोट्या टँकमध्ये वाटी बुडवूनच रिती करायची. आई टॉर्च धरून, बायको वाट्या देतेय, मी गुडघ्यावर. बाहेर 'मोरया' चाललेलं. रात्री एकला आई म्हणाली, 'तुझ्या वेळी एवढा वेळ नव्हता लागला.'

छोट्या टँकच्या काचांनाही बाहेरून काळे कागद, कारण काच चमकली की पिल्लं तिच्यावर डोकं आपटून घेतात. पाणी हिरवं ठेवायचं, म्हणजे उजेडही मऊ राहतो आणि रोटिफरही जगतात. सकाळी उठलं की दात घासायच्या आधी भिंग घेऊन थेंबभर पाण्यातले रोटिफर मोजायचे. एका मिलिलिटरला पाच-दहा असले की आंघोळीला जायला मोकळा. हवेच्या बारीक नळीने तळाची घाण ओढायची, ती पांढऱ्या वाडग्यात सोडायची, घाणीबरोबर आलेली पिल्लं शोधून परत सोडायची. हे ऑफिसला जायच्या आधी. आठ-बाराच्या लोकलमध्ये माझ्या खिशात अनेकदा ड्रॉपर सापडतो.

आणि वीज. मुंबईत वीज जात नाही असं आपण म्हणतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई बंद पडली होती, हे मासे पाळणारा माणूस विसरत नाही. लोकांना त्या दिवसाच्या अडकलेल्या लोकल आठवतात. मला हवेचा बंद पडलेला पंप आठवतो. तेव्हापासून सेलवर चालणारा पंप देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात असतो, उदबत्तीशेजारी.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आर्टेमिया नावाच्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवांची नुकती जन्मलेली पिल्लं भरवायची. त्यांची अंडी डब्यात सुकी मिळतात, मिठाच्या पाण्यात हवा सोडली की साधारण चोवीस तासांत फुटतात. टरफलं मात्र नीट वेगळी करावी लागतात. पोटात गेली तर पिल्लांचं पोट अडतं. म्हणजे पुन्हा टॉर्च, पुन्हा नळी. दहाव्या दिवसाच्या आसपास पिल्लांचं रूप पालटतं, आणि या टप्प्यावर बरीच जातात. मोजायचं नाही, असं आईने बजावलं होतं. ती स्वतः मोजत होती.

जी तगली ती तळाशी उतरली, नारिंगी झाली आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटला. मग मधला, मग शेपटीचा. आता ती खरीखुरी मासे दिसत होती, चिमूटभर खाद्यासाठी भांडत होती, आणि मुख्य म्हणजे मावत नव्हती. कारण तिकडे हीटरच्या मागे दर पंधरवड्याला नवा गालिचा अंथरला जात होता. नातेवाइकांनी हात वर केले. काकांनी विचारलं, नर देताय की मादी? मी म्हटलं, त्यांचं अजून ठरलेलं नाही.

शेवटी पिशव्यांत प्राणवायू भरून, थर्माकोलच्या खोक्यात घालून पोरांना बाजारात नेलं. दुकानदाराने एकेक पिशवी उजेडात धरली. काहींचे पट्टे अर्धवट होते. टँकमध्ये वाढलेल्यांत असं होतं. 'साहेब, हा डिफेक्ट पीस आहे. पट्टा तुटलाय बघा. हे कोण घेणार?' त्याने सांगितलेल्या भावात आम्ही दोघं जेमतेम मिसळ खाऊन घरी आलो.

पुढच्या आठवड्यात मीठ आणायला गेलो, तर दर्शनी टँकमध्ये तीच अर्ध्या पट्ट्याची मंडळी. वर पाटी, 'डिझायनर क्लाऊन'. भाव चौपट. नोकर नवा होता, तो मला ओळखत नव्हता. मोठ्या उत्साहाने म्हणाला, 'रेअर पीस आहे साहेब, असा पट्टा कुठे मिळणार नाही.' बायको म्हणाली, थोडं कमी करा की.

'नाही परवडत मॅडम,' तो म्हणाला. 'हे बच्चे वाढवायला काय मेहनत लागते, तुम्हाला कल्पना नाही.'