शाल नको, यादी द्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पाय भरून आलेत आणि समोरच्या खुर्चीवर शालींचा ढीग पडलाय. ६ जानेवारी. आमचा दिवस म्हणे. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ पाठवला त्या सगळ्यांचे आभार. आता थोडं बोलते. लांबेल, आधीच सांगते.

तालुक्याच्या वार्ताहराचा पत्रकार दिन कसा असतो हे शहरातल्या मित्रांना माहीत नसेल. सकाळी शाळा, मग पोलीस ठाणं, मग तहसील, मग बाजार समिती, दुपारी एक पतसंस्था, संध्याकाळी कुणाचं तरी संपर्क कार्यालय. सगळीकडे तीच शाल, तोच गुलाब, तीच आम्ही माणसं आणि तेच भाषण. एका ठिकाणी पहिलं मराठी वर्तमानपत्र ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचा फोटो मिळाला नाही म्हणून टेबलावर लोकमान्य टिळक ठेवलेले. हार घालून, उदबत्ती लावून. पागोटं दिसलं की झालं! दुसऱ्या ठिकाणी प्रमाणपत्रावरचं गेल्या वर्षीचं साल पांढऱ्या शाईनं खोडून वर नवं लिहिलेलं. समई पंख्यामुळे राहीना, पंखा बंद केला तर पाहुणे घामाघूम, मग पुन्हा पंखा, पुन्हा काडेपेटी. एका वक्त्यानं ‘दर्पण’ला दैनिक करून टाकलं. अहो, ते आधी पाक्षिक होतं, मग साप्ताहिक झालं. पण पेढा तोंडात असताना कोण बोलणार? त्यात मी एकटी बाई, म्हणून प्रत्येक फोटोत ‘ताई, मध्ये या’. डिकीत नारळ मावेनात. पिशवीतला एक पुलाच्या उतारावर उडाला, मागचा मोटरसायकलवाला पडता पडता वाचला. त्यानं मला जे ऐकवलं ते आजच्या सगळ्या भाषणांत मला सर्वात मनापासूनचं वाटलं.

इथवर हसून सोडून दिलं असतं. तहसीलचं मात्र डोक्यातून जात नाही.

आत सभागृहात आमचा सत्कार चालू होता. पेपरच्या डेस्कचा फोन आला म्हणून मी व्हरांड्यात आले. तिथे एक आजी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. मला म्हणाली, “बाई, आत सायबाचा वाढदिवस हाय का?”

“नाही आजी, सत्कार आहे.”

“कुणाचा?”

“आमचा. पेपरवाल्यांचा.”

“बरंय,” म्हणाली. “तुमचं झालं की मला सांगा.”

श्रावणबाळचे, म्हणजे निराधार म्हाताऱ्यांच्या सरकारी योजनेचे, महिना १५०० रुपये. दिवाळीच्या आधीपासून बंद. बँक म्हणते तहसीलला जा, तहसील म्हणतं आधारचं बघा, आधारवाला म्हणतो बोटांचे ठसे उठत नाहीत. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेला, ठसे उठतील कसे? पंचाहत्तरी उलटलीय, त्यामुळे एसटीला तिकीट नाही. पण दीडची गाडी चुकली की थेट संध्याकाळची. आणि तिच्या टेबलाचे बाबू आत आमच्यासाठी खुर्च्या लावत होते!

मला राग कुणाचा आला ते नीट सांगताही येत नाही. बाबूंचा पूर्ण नाही. एका टेबलाला अख्ख्या तालुक्याची गावं, वर निवडणुकीचं काम, पंचनामे, मान्य. साहेबांनी सांगितलं तर खुर्च्या लावाव्याच लागतात, तेही मान्य. पण कामाच्या वेळेत, लोक बाहेर बसलेले असताना, दीड तास? आणि आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की आवरा म्हणावं. उलट आमचे एक ज्येष्ठ उत्तरादाखल वीस मिनिटं बोलले. विषय, तळागाळातल्या माणसाचा आवाज. तळागाळातला माणूस दाराबाहेर बसला होता हो!

बाळशास्त्रींनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं तेव्हा मराठीच्या शेजारी इंग्रजी मजकूर छापला. म्हणजे आपल्या लोकांनाही कळावं आणि गोऱ्या साहेबालाही वाचायला लागावं. ‘दर्पण’ १८४० ला बंद पडलं, १८४६ ला तो माणूसही गेला. चाळिशीसुद्धा बघितली नाही. त्यांच्या नावानं आपण काय करतो, तर साहेबाच्या शेजारी बसून पेढा खातो.

शिपाईमामांनी नंतर तिला पेढा आणि अर्धा कप चहा नेऊन दिला. कुणी सांगितलं नव्हतं. आज ज्याचा सत्कार व्हायला हवा होता असा मला तो एकच माणूस दिसला. आजीनं पेढा पदराला बांधला, नातवासाठी असेल. कार्यक्रम संपला तेव्हा जेवणाची सुट्टी लागलेली. दीडची गाडी अर्थातच गेली.

मलाही सत्कार आवडतो, खोटं कशाला बोलू. वर्षभर शिव्या खाणाऱ्या माणसाला एक दिवस बरं वाटतं. आमच्यातल्या बहुतेकांना पगार नाही. मानधन म्हणजे पेट्रोलही भागत नाही, वर जाहिरातींचं टार्गेट. सरकारची ज्येष्ठ पत्रकारांसाठी योजना आहे, जांभेकरांच्याच नावानं. वय साठ आणि तीस वर्षांचा अनुभव कागदावर दाखवा म्हणतात. ज्यांना कुणी आयुष्यात नेमणूकपत्र दिलं नाही त्यांनी कुठला कागद दाखवायचा? आजीला हयात असल्याचा पुरावा जमत नाही, आम्हाला काम केल्याचा. म्हणून तर जास्त चीड येते. निदान आम्हाला तरी तिचं कळायला हवं होतं.

आणि खरा कळस संध्याकाळी. आजीची बातमी करून पाठवली, फोटोसह. तशी आणखी माणसं त्याच व्हरांड्यात होती, त्यांचंही लिहिलं. डेस्कवरून फोन, “ताई, आज जागा नाही. सगळी पानं पत्रकार दिनाची आहेत. तुमचे फोटो लवकर पाठवा, डावीकडून नावं नीट द्या.”

डावीकडून नावं!

तर तालुक्यातल्या समस्त कार्यालयांना माझी विनंती. पुढच्या वर्षी मला बोलवायचं असेल तर सहानंतर बोलवा. शाल देऊ नका, माझ्याकडे आता गोधड्या शिवण्याइतक्या झाल्यात. त्याऐवजी निराधार आणि श्रावणबाळची अडकलेली प्रकरणं गावनिहाय काढा, कशामुळे अडकली ते पुढे लिहा आणि तो कागद हातात द्या. फोटो काढू, हवा तर साहेबांना मध्ये उभं करू.

बातमी उद्या सकाळी पुन्हा पाठवतेय. उद्याही जागा नसेल तर आहे तशी इथेच टाकते.